दाखल्यावरची चार नावं

झोसिमेचा नवरा कार्प थेस्सलनीकेच्या तुरुंगात तापाने मेला, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. कैसराचं फर्मान साधं होतं: देवांपुढे चिमूटभर धूप टाका, नैवेद्याचं मांस चाखा, दाखला घ्या आणि घरी जा. कार्प ख्रिस्ती होता, तो नाही म्हणाला. झोसिमेचा धाकटा भाऊ त्रोफिम मात्र गेला, धूप टाकून आला आणि पुन्हा कातडी कमवायला बसला.

पुढे कैसर लढाईत पडला, फर्मान विरलं. रविवारी पहाटे मंडळी पुन्हा आपल्या धर्मगुरूंच्या, यूमेनेस वडिलांच्या, घरी जमू लागली. त्रोफिमही यायचा, पण धूप टाकल्यामुळे त्याला आत जागा नव्हती. उंबऱ्याबाहेर गुडघे टेकून तो आत जाणाऱ्यांना म्हणायचा, "माझ्यासाठी प्रार्थना करा." झोसिमे अंगावरचं वस्त्र आवरून त्याच्यासमोरून आत जायची. हुतात्म्याची विधवा म्हणून तिला पुढच्या रांगेत मान होता.

पुनरुत्थानाचा सण दीड महिन्यावर आला, तेव्हा वडिलांनी तिला बाजूला घेतलं. "त्रोफिमला परत घ्यावं असं काहींचं म्हणणं आहे. तुझ्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही."

"धूप टाकायला कार्पलाही हात होते, वडील," ती म्हणाली. "बसू दे बाहेर."

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी हौदावर शेजारीण फिलिन्ना भेटली. ती जुन्या देवांची, तोंडाने फटकळ. "भावाला एवढं का गं तोडतेस? शिपाई तुझं दार सोडून पुढे गेले, ते कोणामुळे?"

"प्रभूच्या कृपेने."

"माझा नवरा दाखले देणारा कारकून होता, बाई. दाखल्यावर चार नावं लिहिली त्याने. त्रोफिम, बहीण झोसिमे आणि तिच्या दोन मुली. घरचा पुरुष म्हणून त्याने सगळ्यांच्या वतीने धूप टाकला. कृपा म्हणे!"

झोसिमे घागर तिथेच ठेवून कातडीच्या कारखान्याकडे निघाली. त्रोफिम ओंडक्यावर कातडं पसरून खरवडत होता.

"माझं नाव घातलंस?"

त्याचे हात थांबले. "कोण बोललं?"

"घातलंस का, ते सांग."

"दाजींना नेलं, आणि दोन दिवसांनी तुझ्या गल्लीची पाळी होती. पोरी लहान होत्या, ताई."

"मग मंडळीत का बोलला नाहीस? वडिलांनी केव्हाच आत घेतलं असतं."

"बोललो असतो तर तुला आतून उठावं लागलं असतं." तो पुन्हा कातड्याकडे बघू लागला. "आणि तुमच्यासाठीच गेलो, हे काही पुरतं खरं नाही. मी भ्यालो होतो. तुम्ही नसतात तरी गेलो असतो."

झोसिमेला त्याच्यावर रागवायचं होतं, पण राग धड येईना. शिपाई आपलं दार सोडून कसे गेले, हे तिने वर्षभर मंडळीत किती बायकांना सांगितलं होतं. त्या ऐकून रडल्या होत्या.

रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडायच्या आधी ती उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

"तुला ठाऊक नव्हतं," यूमेनेस वडील म्हणाले. "तुझा दोष नाही, बाई."

"ठाऊक नव्हतं, खरं आहे. पण त्या दाखल्याच्या आडोशाने मी जगले, आणि ज्याने तो आणला त्याला ओलांडून दर रविवारी आत आले. भावाला ओलांडणं तरी मी जाणूनबुजून केलं." एवढं बोलून ती बाहेर गेली.

तिला बघून त्रोफिम गडबडला. "ताई, आत जा. लोक बघताहेत."

"बघू देत. सरक जरा."

पुढच्या रविवारी आणखी तिघं बाहेर येऊन बसली. कोणी कारकुनाला पैसे चारून दाखला मिळवला होता, कोणी गुलामाला आपल्या जागी पाठवलं होतं. आजवर ही तिघंही आतच बसत होती. थंडी होती, फरशी गार होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सुताराला गुडघे टेकवेनात, तर झोसिमेने त्याच्याखाली आपली शाल घडी करून घातली.

सणाच्या पहाटे यूमेनेस वडील स्वतः उंबऱ्यावर आले. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला, नाव घेतलं आणि आत नेलं. भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी त्रोफिमपुढे धरला. त्याने आपले काळवंडलेले हात मागे घेतले, तेव्हा झोसिमेने त्याचं मनगट धरून पुढे केलं. तो खाईपर्यंत तिने ते सोडलं नाही.