सिगारेटच्या चांदीएवढी फट

मी एक जुना पिस्टन आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मोटारसायकल दिसली की तुम्ही टाकी पाहता, दिवा पाहता, फार तर हॉर्न वाजवून पळून जाता. मला कोण पाहतो? मी इंजिनाच्या पोटात असतो, सिलिंडर नावाच्या नळकांड्यात पालथ्या पेल्यासारखा. वर पेट्रोलचा भडका उडाला की मी खाली जातो, पुन्हा वर येतो, आणि माझ्या या उठाबशांवर गाडी पळते. उभा जन्म अंधारात आणि आगीत काढला. आता नागपुरात सदरच्या एका गल्लीत धोंडबा मिस्त्रीच्या वर्कशॉपात फळीवर पडलो आहे, आणि येणारेजाणारे माझ्यात विडीची राख झटकतात.

माझा जन्मही आगीतलाच. भट्टीत धातू वितळवला, साच्यात ओतला, लेथवर सोलून गुळगुळीत केला, कमरेला तीन कड्या चढवल्या आणि मला एका मोटारसायकलीच्या पोटात ढकलून दिलं. ती मोटारसायकल पुढे केशवने घेतली आणि माझं नशीब उघडलं.

केशवचं काम काही वेगळंच होतं. त्या काळी एका सिनेमाची एकच पेटी यायची आणि ती दोन टॉकीजवाले मिळून चालवायचे. सदरच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ मध्यंतरापर्यंत आला की तेवढी रिळं पत्र्याच्या पेटीत भरायची, मागच्या कॅरिअरला दोरीने आवळायची आणि केशवने थेट सावनेर गाठायचं. तिथे तो अर्धा सिनेमा सुरू झाला की हा परत नागपूरला, तोवर संपलेला उरलेला अर्धा उचलायचा आणि पुन्हा सावनेर. तिकडचं मध्यंतर आटोपायच्या आत दुसरी पेटी पोचली पाहिजे. नाही पोचली तर दिवे लागलेले, पडदा कोरा, आणि कापूस विकून आलेली माणसं शेंगदाणे संपवून शिट्ट्या मारणार.

पण केशवची पेटी चुकत नसे. कोराडीवरून, पाटणसावंगीवरून मी त्याला असा न्यायचो की विचारू नका. सावनेरात लोक म्हणायचे, "केशव आहे म्हंजे पिच्चर पुरा होते." त्याच्याजवळ शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. माणूस भरवशाचा, एवढी एकच इस्टेट त्याने कमावली होती आणि ती तो फार जपायचा.

वर्षं गेली. सिलिंडरची भिंत झिजली, माझ्या कड्या सैल झाल्या. तेल वर चढू लागलं आणि गाडीच्या मागे निळा धूर. चढ आला की मला धाप लागे. सावनेरचं मध्यंतर लांबू लागलं. आधी लोक हसले, मग केशवच्या नावाने शिट्ट्या वाजू लागल्या. शेवटी तिथल्या टॉकीजचे मॅनेजर भैय्याजी त्याला म्हणाले, "केशव, लोकं खुर्च्या तोडून राहिले गा. एक जीपवाला विचारून गेला मले. मी नाही म्हटलं, पण किती दिवस म्हणू?"

केशवने गाडी वळवली. तडक धोंडबाकडे आला.

धोंडबासारखा हात सदरात दुसऱ्याचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याने किक मारून आवाज ऐकला आणि सांगितलं, "पिस्टन गेला हा. इंजन उतरवा लागते. सिलिंडर आतून घासून बोअर मारू, नवा टाकू."

"मंग साधा नको टाकू," केशव म्हणाला. "जोराचा टाक. कार्बोरेटर भी मोठा बसव. मले कोणी उशिराचा म्हणाले नाही पाहिजे आता."

आठवड्याभरात माझ्या जागेवरचा आला. शर्यतीच्या गाडीचा म्हणे. अंगाने हलका, कपाळ उंच. त्या उंच कपाळामुळे पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते आणि भडका जबर उडतो. वर्कशॉपातल्या सगळ्यांनी त्याला हातात घेऊन पाहिलं. मला काढून फळीवर टाकलं, साधं पुसलंही नाही. राग आला मला. आयुष्य जाळलं मी, आणि कौतुक या कालच्या पोराचं.

आता एक गोष्ट नीट ऐका. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. आगीने पिस्टन फुगतो, त्याला फुगायला जागा हवी. फट जास्त झाली तर दम जातो, कमी झाली तर पिस्टन भिंतीला धरतो, म्हणजे जागीच अडकून बसतो. ही फट मोजायला पोलादी पात्या मिळतात. धोंडबाकडे त्या नव्हत्या, आणि त्याला त्यांची गरजही वाटत नसे. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं: सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तो चकचकीत कागद, घ्यायची, तिची पट्टी पिस्टन आणि भिंतीच्या मध्ये सरकवायची. जराशी अडत सरकली की माप बरोबर. सदरच्या त्या गल्लीत सगळे मिस्त्री असंच करत. मलाही कधीकाळी त्याच चांदीने तपासलं होतं, आणि माझं कधी काही बिघडलं नाही.

पण माझा धातू वेगळा, त्याचा वेगळा. तो तापला की माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फुगणारा. त्याला चांदीची दुहेरी घडी लागली असती. धोंडबाने एकेरी सरकवली. ती जराशी अडली. तो खूश झाला आणि म्हणाला, "कसा बसला पाहा. जावई बसते तसा."

मी फळीवरून पाहत होतो. इतकी वर्षं त्या नळकांड्यात फुगलो होतो मी, मला कळत होतं. पण पिस्टनला तोंड असतं कुठे?

गाडी सुरू झाली आणि आवाज असा खणखणीत की समोरचा चहावाला बाहेर आला. धोंडबाने बजावलं, "नवं इंजन आहे. महिनाभर हळूच चालव. बसू दे त्याले. मी सांगीन तवा सोडजो."

आणि मित्रांनो, केशवने ते ऐकलं. जोराचा पिस्टन पोटात असून तो बैलगाडीच्या मागेमागे जायचा. माघ संपत आला होता, हवा अजून गार. सावनेरात मध्यंतर आणखी लांबलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आईबहिणीवरून बोलले. दर रविवारी गाडी दाखवायला आला की तो हे सगळं धोंडबाला सांगायचा आणि कसनुसा हसायचा. महिन्याचे दोन झाले तरी त्याने वेगाची मूठ पुरी पिळली नाही. बायको जयवंता घरी म्हणे विचारायची, काहून गा ऐकून घेता? तो म्हणायचा, मिस्त्रीनं सांगितलं आहे, इंजन बसू दे.

वैशाखात धोंडबाने गाडी एकदा फिरवून पाहिली आणि केशवच्या पाठीवर थाप मारली. "बसलं इंजन. आता खुल्ला सोड."

त्याच दुपारी केशवने दुसरी पेटी बांधली आणि मूठ पिळली. वर ऊन असं की रस्त्याचं डांबर पातळ झालेलं. मी तिथे नव्हतो, पण काय झालं ते मला कोणी सांगायला नको. कोराडीपर्यंत नवा पिस्टन गात गेला असेल. मग तापला, फुगला, फट संपली. पाटणसावंगीच्या अलीकडे त्याने भिंत धरली. पिस्टन थांबला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. गाडी आडवी झाली आणि समोरून कोळशाचा ट्रक येत होता.

पेटी सुटून रस्त्याच्या कडेला पडली, पण उघडली नाही. मागून येणाऱ्या बसवाल्याने ती ओळखली आणि सावनेरला पोचवली. त्या दिवशीही सिनेमा पुरा झाला. लोकांनी तो पाहिला आणि घरी गेले.

म्हणतात, मेल्या म्हशीला मणभर दूध. केशवच्या वाट्याला तेही आलं नाही. सावनेरातले, नागपुरातले, सगळे बोलू लागले की नव्या इंजनाची मस्ती चढली होती, बायकोपोराचा विचार न करता सुटला होता. ज्याची पेटी कधी चुकली नाही तो माणूस चार दिवसांत उडाणटप्पू ठरला.

मोडकी गाडी हातगाडीवर घालून वर्कशॉपात आणली. धोंडबाने दार लोटून घेतलं आणि एकट्याने इंजिन खोललं. नवा पिस्टन हातोडीने ठोकून काढावा लागला. त्याचं अंग चारी बाजूंनी खरवडलेलं. दुसऱ्या सिलिंडरला त्याच मापाचा बोअर मारून धोंडबाने तो पिस्टन थंड असताना आत घातला, चांदी सरकवली. सरकली. मग त्याने स्टोव्ह पेटवला, पिस्टन त्यावर तापवला, चिमट्याने धरून पुन्हा घालून पाहिला. चांदी तर सोडाच, पिस्टनच आत जाईना. धोंडबा खाली बसला. स्टोव्ह तसाच भरभरत राहिला.

तेरवी झाल्यावर जयवंता आली. कडेवर पोरगं. ती दारातच उभी राहिली, मी होतो त्या फळीशी.

"धोंडबाजी, एकच विचाराचं आहे," ती म्हणाली. "लोक म्हंतात, त्यायनं मस्तीत पळवली. तुमी इंजन खोलून पाह्यलं. खरं काय आहे?"

धोंडबा बराच वेळ हात पुसत राहिला. त्या हातांना तेल लागलेलंच नव्हतं.

"गाडी जोरात होती, वहिनी," तो म्हणाला.

"म्हंजे लोक खरंच बोलून राहिले."

त्याने मान खाली घातली. तिने तो होकार समजला.

"मले वाटे, ते असं करणार नाहीत," जयवंता म्हणाली. "आता पोरगं मोठं झालं का विचारीन, बाबा कसे गेले. सांगीन त्याले, तुह्या बापाले आपल्यापरीस पिच्चरची घाई होती."

ती गेली. मी हातभर अंतरावर होतो मित्रांनो, आणि मला ओरडता आलं नाही. धातूच्या जन्माचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं. धोंडबाने दुसऱ्या दिवशी पोलादी पात्या विकत आणल्या. तेव्हापासून तो प्रत्येक पिस्टन त्यांनीच तपासतो, दोनदोनदा तपासतो, आणि त्याच्या हातून एकही इंजिन पुन्हा धरलं नाही. लोक त्याला वाखाणतात. पण जयवंताच्या घराकडे तो कधी गेला नाही, आणि आता तो केशवचं नाव निघालं की दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो.

इतर वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला तेलपाणी करा, धूळ बसू देऊ नका. ते बरोबरच आहे. माझं मागणं वेगळं आहे. हातून चूक झाली तर ती तोंडाने सांगा, त्याच दिवशी सांगा. नुसती पुढची कामं नीट केल्याने ती फिटत नाही. गेलेला माणूस उठून आपली बाजू मांडत नाही.

केशवचं पोरगं आता गड्डीगोदामच्या शाळेत जातं असं ऐकतो. बापाचं नाव काढलं की भांडतं म्हणे, मग एकटंच बसतं. तुमच्यापैकी कोणी त्याच्या वर्गात असेल तर त्याच्या बाजूला जाऊन बसा. त्याला सांगा, तुझ्या बापाने दोन महिने लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि गाडी हळूच चालवली. ज्या दिवशी सोडली, त्या दिवशी त्याला सोड म्हणून सांगितलं होतं.