चुना टाकलेला ढीग

मेंढरं चारायला रान उरलं नाही, तेव्हा भिकन आणि त्याची बायको राजाबाई यांनी कळप विकून म्हशी घेतल्या. हर्सूलला त्यांचा गोठा होता. गोठ्यामागं शेणखताचा ढीग, आणि ढिगापलीकडं नवी इमारत. पहिल्या मजल्यावर आवडाबाई राहायच्या. इमारत त्यांच्याच शेतावर उभी राहिली होती. शेत होतं तेव्हा राजाबाईची मेंढरं तिथं खतासाठी बसायची. तेव्हापासूनचा दोघींचा लोभ.

आवडाबाईंना दमा होता. खताचा उग्र वास त्यांना सोसेना.

"राजे, तुला इथून ऊठ म्हणणार नाय मी," त्या एकदा म्हणाल्या. "पण छाती भरून येती गं."

राजाबाई दुसऱ्याच दिवशी शेतकी केंद्रात गेली. तिथल्या मॅडमनी सांगितलं, शेणात कोळशाचा भुगा आणि वाळका काडीकचरा मिसळा, ढीग ओलसर ठेवा, अधूनमधून वरखाली करा. कोळसा वास धरून ठेवतो. ढीग आतून चांगला तापला की रोगाचे जंतूही मरतात. चुना मात्र टाकू नका, त्यानं वास उसळतो.

राजाबाईनं वेड्या बाभळीचा कोळसा कुटून मिसळला. हळूहळू वास बसला. आवडाबाई गॅलरीत बसून तिच्याशी गप्पा मारायला लागल्या.

पुढं सलग दोन पावसाळे कोरडे गेले. तलाव आटला, बोअर बंद पडला. टँकरचं पाणी म्हशींनाच पुरेना, तर खताला कुठून घालणार? ढीग वाळला, आतून गार पडला, माश्या घोंगावू लागल्या. निदान ओल तरी राहावी म्हणून राजाबाई गोठ्यातलं म्हशींचं मूत घमेल्यानं नेऊन ढिगावर ओतायची. वास परत आला. आवडाबाई घरात बसायला लागल्या.

एका सकाळी राजाबाई दूध घालायला गेली होती. भिकनला आवडाबाईंचा खोकला ऐकवेना. रोगराईत गोठ्यात चुना टाकतात, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं दुकानातून चुन्याचं पोतं आणलं, ओल्या ढिगावर उपडं केलं आणि फावड्यानं कालवलं.

राजाबाई परतली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तिचे डोळे झोंबले. भिकन तोंडाला टॉवेल बांधून उभा होता.

"काय टाकलं?"

"चुना. जंतू मरतेत ना त्यानं?"

"अवं, चुना टाकू नका म्हणल्या होत्या मॅडम."

"मला कुठं सांगितलं तू?"

खरंच तिनं सांगितलं नव्हतं. दोघं ढिगावर माती लोटू लागले. तेवढ्यात इमारतीच्या जिन्यातून आवडाबाईंचा मुलगा ऋतुराज आणि शेजारचा एक जण त्यांना खुर्चीत बसवून खाली आणताना दिसले. आवडाबाईंचे ओठ काळेनिळे पडले होते. राजाबाई फावडं टाकून धावली, पण जवळ जाताच आवडाबाईंनी तोंड फिरवलं. राग नव्हता त्यात. त्यांना श्वास मिळत नव्हता. राजाबाई मागं सरली. त्यांना घेऊन रिक्षा निघून गेली.

संध्याकाळी ऋतुराज कपडे न्यायला आला.

"आईला ऑक्सिजन लावलाय, मामी."

"मी येऊ भेटाया?"

"नका येऊ. तुमच्या कपड्यांना वास असतो. तिला नाय सोसायचा."

राजाबाईनं फावडं उचललं आणि ढिगावर आणखी माती लोटली.

दवाखान्यातून आवडाबाईंना थेट गारखेड्याला, लेकीकडं नेलं. हर्सूलला आता परत पाठवायचं नाही, असं लेकीनं ठरवलं होतं. इकडं महापालिकेची माणसं येऊन गोठा हलवायला सांगून गेली. कुठं हलवायचा, ते कुणी सांगितलं नाही. भिकननं म्हशी चारा छावणीला नेऊन बांधल्या.

छावणीतनं राजाबाईनं गारखेड्याला फोन लावला.

"भिकनला बोलू नको काय," आवडाबाई थांबत थांबत म्हणाल्या. "माझ्यासाठीच केलं त्यानं."

"अक्का, मीच त्यांना चुन्याचं सांगायला..."

पण तिकडं खोकला सुरू झाला होता. तो थांबेचना. मग कुणीतरी फोन घेतला आणि ठेवून दिला.

"काय म्हणल्या?" भिकननं विचारलं.

"बऱ्या हायेत."

तिच्या तोंडावरनं त्याला काय ते कळलं. मग बादली उचलून टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.