चौथ्या नळीचं पथ्य

शहाण्णवच्या निवडणुकीत मतपेट्या ठेवायला सरकारनं कॉलेजची प्रयोगशाळा ताब्यात घेतली, तेव्हा शुभांगीनं आपले जंतू रिक्षात घालून भिंगारला आत्याच्या घरी आणले. चार काचेच्या नळ्या, तोंडाला कापसाचे बोळे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांची सोय झाली.

जंतू पुण्याच्या सरांनी दिलेले, पुन्हा मिळायचे नव्हते. ते मेले की एमेस्सीचा प्रकल्प गेला आणि वर्षही गेलं. त्यांना थायमिन नावाची पावडर लागायची. ती पुण्याहून एसटीच्या पार्सलनं निघाली, पण नगरला कुणी उतरवलीच नाही. थेट औरंगाबाद बघायला गेली.

"मंग तवर खात्यात काय?" गोजरआत्यानं विचारलं.

"काही नाही. नुसतं क्षाराचं पाणी."

"अगं बया! उपाशी?"

"उपाशी आहेत म्हणूनच जगतील, आत्या. खायला मिळालं की अंगात जोर येतो, एकाचे दोन व्हायला निघतात. त्याला आतल्या डीएनएची नक्कल पाहिजे, आणि नकलेला थायमिन पाहिजे. तू गोधडी उसवलीस, एकीच्या दोन शिवायला बसलीस आणि मधेच दोरा संपला तर?"

"चिंध्या!"

"तसेच मरतात ते. पोटात काही नसलं की उसवायलाच घेत नाहीत. गप पडून राहतात."

"आसंल बाई," आत्या म्हणाली. तिला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि घरात कुणी उपाशी असताना आपण घास गिळणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी शुभांगी पार्सल आणायला स्टँडवर गेली आणि आत्या जेवायला बसली. समोर फळीवर चार पाहुणे, ताटाकडं बघत. घास काही उतरेना. शेवटी ती उठली, ग्लुकोजचा डबा काढला, बोळे उपसले आणि तीन नळ्यांत चिमूटचिमूट सोडली. थोडी सांडली, ती फळीवर, चौथीच्या बुडाशी. तेवढ्यात शेजारची भागूबाई विरजण मागायला आली. विरजणाबरोबर तिच्या सुनेचा विषयही निघाला.

आत्या परतली, तर चौथ्या नळीला मुंग्यांचा गराडा.

तिनं कपाळाला हात लावला. तिच्या नवऱ्याचं, रंभाजीमामांचं, दुखणं असंच कळलं होतं, मोरीत मुंग्या लागल्या तेव्हा. "ह्याला बी शुगर हाय," ती हळहळली आणि डबा बंद केला.

संध्याकाळी पार्सल घेऊन आलेल्या शुभांगीला तिनं दारातच सांगितलं, "तिघांना ग्लुकोज घातलं. चौथ्याला न्हाई हां. त्याला शुगर हाय."

शुभांगीनं तिथंच पार्सल फोडलं, थायमिन घातलेल्या जंतूंच्या जेवणाच्या चार ताटल्या केल्या आणि एकेका नळीतला थेंब एकेकीवर पसरला. आता वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तीन ताटल्यांवर तिच्या जंतूंचा पत्ताच नव्हता. आत्याच्या बोटांवरून उतरलेले चारदोन पिवळे उपरे तेवढे ऐसपैस पसरलेले. चौथीवर मात्र पांढऱ्या ठिपक्यांची दाटी.

"जगला!" शुभांगी ओरडली.

"कोन गं?"

"तुझा शुगरवाला!"

आत्या सावकाश वळली. मामा तिची पाठ बघून चहात साखर ढवळत होते.

"बघा! पथ्य पाळलं, जगला. खानारे तिघं गेले." आणि तिनं त्यांचा कप उचलून मोरीत ओतला.

मामांनी ताटलीतल्या ठिपक्यांकडं पाहिलं. "पोरी," ते म्हणाले, "पुढच्या खेपंला जंतू आनशील, तर धडधाकट बघून आन."