कांदे सोलायला निघालेली जेनाबा

खोटं बोलण्यात जेनाबा न्जाय अगदीच कच्ची होती. सत्तावन्न वर्षांत कधी सरावच झाला नव्हता. त्यामुळे त्या शनिवारी रात्री साडेअकराला खळ दिलेला निळा पायघोळ बुबू घालून ती मुलासमोर उभी राहिली, तेव्हा तिचे कान तापले होते.

"ओमीच्या भाचीकडे उद्या बारसं आहे," ती म्हणाली. "रात्रीच कांदे सोलून ठेवायचेत. पाच पोती आहेत. उशीर होईल."

बिरामनं मान वर केली नाही. तो बुटांना पॉलिश करत होता. एकोणतीस वर्षांचा, विमा कचेरीत कारकून, इस्त्री मोडेल म्हणून बसमध्येही उभा राहणारा मुलगा. "जा की," तो म्हणाला. "मलाही मंडळात अल्लाच्या जिक्राला बसायचंय. पहाटच होईल."

इतकी सोज्वळ औलाद आपल्या पोटी आली, आणि आपण मात्र नाचघरात चाललोय, या विचारानं जेनाबाला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खाली टॅक्सीचा भोंगा वाजत होता.

टॅक्सीत ओमी जोप बसली होती. तिची बालमैत्रीण, बाजारात कापडाचं दुकान असलेली. जेनाबाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आता तरी घराबाहेर पड, म्हणून महिनाभर मागे लागली होती.

"कांदे सोलायला एवढं अत्तर?" ओमीनं नाक मुरडलं.

"तू गप्प बस. तुम्हा जोप लोकांना भाताशिवाय कसला वास कळतो?"

"आणि तुम्ही न्जाय आमच्याच घरचे गडी. मालकिणीशी नीट बोल."

टॅक्सीवाला खदखदून हसला. डाकारमध्ये न्जाय आणि जोप आडनावाचे लोक समोरासमोर आले की एकमेकांची अशी खेचायचीच असते. नाही खेचली तर लोक विचारतात, बरं नाही का?

समुद्राकडच्या रस्त्यावर क्लबच्या दारात उभ्या दांडगट पोरानं त्यांना पाहून अदबीनं सांगितलं, "मावशी, लग्नाचा हॉल पलीकडच्या गल्लीत आहे."

"लग्नं आमची झाली, बाळा," ओमी म्हणाली, "आता मजा करायला आलोय. सरक."

वाद्यमेळ सुरू व्हायला दीड वाजला. तोवर दोघी लालभडक बिसाप सरबताचे पेले घेऊन जांभया देत बसल्या होत्या. मग गिटारची एक तान निघाली, तिच्यामागून उंच साबार ढोल कडाडले, आणि जेनाबाच्या पायांची बोटं चपलेतल्या चपलेत हलायला लागली. चाळीस वर्षांपूर्वी मेदिना वस्तीत तिच्यासारखं नाचणारी दुसरी मुलगी नव्हती. डोकं विसरलं होतं, पाय विसरले नव्हते.

तेवढ्यात तामावाला पुढे आला. काखेत दाबून वाजवायचा तो छोटा ढोल माणसासारखा बोलत होता, हसत होता, चिडवत होता. वाजवणाऱ्यानं काळा चष्मा लावला होता. जेनाबाचं लक्ष आधी त्याच्या सदऱ्याकडे गेलं. ही इस्त्री तिनं सकाळीच केली होती.

"ओमी," ती हळूच म्हणाली, "तो माझा बिराम आहे."

"हो," ओमी म्हणाली.

"तुला माहीत होतं!"

"अख्ख्या बाजाराला माहीत आहे. तुला सांगायची छाती कुणाची होती?"

न्जायांच्या घरात ढोल नव्हता. ढोल वाजवणाऱ्यांची घराणी वेगळी. पिढ्यान्पिढ्या ती विद्या त्यांची. बिराम नऊ वर्षांचा असताना टोमॅटोचा डबा बडवत होता, तेव्हा तिनं त्याला दोन थोबाडीत दिल्या होत्या. दिराच्या कानावर हे गेलं तर तो घर डोक्यावर घेईल. जेनाबा उठली. कान धरून बाहेर काढायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

पण निळा बुबू घातलेली बाई तरातरा पुढे येताना पाहून गर्दीला वाटलं, ही नाचायला आली. लोकांनी रिंगण मोकळं केलं, टाळ्यांचा ठेका धरला. ढोलांचे म्होरके साम्ब काका, सत्तरीचे, ढोलवाल्यांच्याच घराण्यातले, त्यांनी काठी उंचावून तिला आव्हान दिलं.

बिरामनं चष्मा काढला. आईला पाहिलं. त्याचा हात जागीच थिजला आणि तामा मुका झाला.

आणि त्याच गोष्टीचा जेनाबाला खरा संताप आला.

"थांबलास कशाला? वाजव!"

"आई, मी..."

"काम अर्धवट टाकायला शिकवलं का मी तुला? वाजव म्हणते ना!"

त्यानं वाजवलं. जेनाबानं बुबू गुडघ्यापर्यंत खोचला आणि उडी घेतली. नाचणाऱ्याचं पाऊल जिथं पडेल, नेमकी तिथंच वादकाची थाप पडली पाहिजे. हुकूम पायाचा असतो. बिरामची थाप केसभर मागे पडली.

"उशीर!" ती ओरडली. लोक खिदळले.

दुसऱ्यांदाही तो चुकला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या हातांकडे बघणं सोडलं आणि आईच्या पावलांवर डोळे लावले. ती हवेत गेली, गिरकी घेतली, खाली आली, आणि पाऊल अन् थाप एकदमच पडली. क्लबचं छत उडायचंच बाकी राहिलं. ओमी खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होती. जेनाबाचा उजवा गुडघा बोंबलत होता, पण ती आणखी दोन फेऱ्या नाचली.

नंतर तिघं बाहेर कठड्यावर बसली. कागदात निखाऱ्यावर भाजलेलं मटण होतं, वर कांदा आणि मोहरीची चटणी.

"कांदे झाले सोलून?" बिरामनं भीत भीत विचारलं.

"तुझा जिक्र आटोपला?"

ओमीला ठसका लागला. मग जेनाबाही हसली. खूप दिवसांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"किती वर्षं चाललंय हे?"

"चार. काकांना सांगशील?"

"भावोजींचं मी बघून घेईन. साम्ब काकांना रीतसर विचारलं होतंस का?"

त्यानं विचारलं नव्हतं. आधीचा तामावाला सोडून गेला होता, जागा रिकामी होती, म्हणून हा शिरला होता.

"दुसऱ्यांची विद्या अशी खिडकीतून घेतात?" ती म्हणाली. "म्हणून तर पाय बघायचे असतात हेसुद्धा तुला कुणी सांगितलं नाही."

रविवारी बातमी पोचली आणि दीर आला, तासभर ओरडला. जेनाबानं त्याला ओरडू दिलं, मग मासे-भात वाढला. जेवताना त्याचा आवाज आपोआप खाली आला.

सोमवारी ती मान म्हणून कोला झाडाच्या कडू बिया घेऊन साम्ब काकांच्या अंगणात गेली. बिराम कचेरीच्या कपड्यांत मागे उभा.

"न्जायांची बाई माझ्या दारात?" काकांनी विचारलं.

"पोराला शिकवा. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

काकांनी एक बी फोडली, अर्धी तिला दिली, अर्धी तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. "वर्षभर क्लबमध्ये वाजवायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि तिथं बसायचं."

तिथं चटईवर त्यांची सात वर्षांची नात तामा घेऊन बसली होती. बिरामनं पॉलिश केलेले बूट काढले आणि मांडी घातली. ती थोडी सरकली, आपला तामा त्याच्या हाती दिला, तो त्यानं काखेत कसा धरलाय ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.