अंगठ्याचे तारीखवार फोटो

शिंप्याच्या पायाचा अंगठा राहणार की जाणार हे सोमवारी सकाळी ठरायचं होतं, आणि शनिवारपासून त्याच्या बायकोचा जीव टांगणीला लागला होता.

झालं होतं असं. मे महिन्यात दुकानात खाली पडलेली एक टाचणी त्याच्या उजव्या अंगठ्यात घुसली. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले, त्यामुळे साहेबांना पत्ताच नाही. दिवसभर हा माणूस टाचणीसकट पायमशीन चालवत बसला. संध्याकाळी मोजा लाल दिसला तेव्हा बायको ओरडली, आणि हा तिलाच म्हणतो, "अगं, रंग लागला असेल." रंग कसला लागतोय! जखम चिघळली ती चिघळलीच.

दवाखान्यात पट्टी बदलणारी नर्स मात्र हुशार. ती म्हणाली, "घरी रोज पट्टी बदलाल तेव्हा एक फोटो काढून ठेवत जा. शेजारी मापाचं काहीतरी ठेवा, म्हणजे जखम केवढी ते कळेल." शिंप्याच्या घरात मापाला काय तोटा? जखमेशेजारी इंचटेप आली. कोटांचे फोटो काढायला घेतलेला जुना कॅमेरा दुकानात होताच. बायकोनं एकदा मनावर घेतलं की घेतलं. आजारी पडली तरी उठून फोटो काढायची, पण दिवस चुकवला नाही.

आता जुने डॉक्टर बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी सर्जनबाई आल्या होत्या. त्यांनी अंगठा बघितला, दाबला, आणि सरळ सांगितलं, "जखम भरत चालली असेल तर मी थांबेन. वाढत चालली असेल तर अंगठा काढावा लागेल, नाहीतर पुढे पाऊल जाईल."

"भरतेय हो, डॉक्टर."

"तुमच्या 'हो'वर मला अंगठा ठेवता येत नाही. फोटो काढलेत म्हणता ना? सोमवारी आणा. तारखेप्रमाणे लावून आणा, गठ्ठा नको."

शिंपी घरी आला. दुकानात शिरल्यावर मशीनच्या पायडलवर त्यानं डावा पाय ठेवला, मग उचलला. "डाव्यानं नाही जमत," एवढंच म्हणाला. बायकोला तिथेच रडू फुटलं असतं, पण रडायला वेळ कुणाला होता?

कॅमेऱ्यात शेकडो फोटो. एक अंगठा, तीन कोट, पुन्हा अंगठा, गिऱ्हाइकाची पँट. बारीक पडद्यावर बघून बघून तिचे डोळे दुखायला लागले आणि तिनं हात टेकले.

"धाकटीला फोन कर," शिंपी म्हणाला.

धाकटी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको, थोरलीची, म्हणजे शिंप्याच्या बायकोची, जाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि मालवाहतुकीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची. पण वर्षभर दोघींचं बोलणं बंद होतं. कारण? एक पातेलं! थोरलीनं पाहुण्यांच्या देखत म्हटलं होतं, "कॉम्प्युटर चालवते म्हणे, साधं चहाचं पातेलं घासता येत नाही." पाहुणे हसले. धाकटीनं हातातलं पातेलं तिथेच ठेवलं, पर्स उचलली आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. थोरलीलाही कळत होतं की आपण जरा जास्तच बोललो. पण माघार घ्यायची कुणी?

आता नाक मुठीत धरून तिनं फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "अगं, यांचा अंगठा काढतायत."

"आलेच," पलीकडून आवाज आला.

आणि खरंच आली. रविवारची दुपार, केस ओले, काखेत लॅपटॉप. दारात चप्पल काढायच्या आधी विचारलं, "दादा, दुखतंय का?"

"दुखत नाही, हीच तर रड आहे," शिंपी म्हणाला.

कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून तिनं लॅपटॉप मांडला, कॅमेऱ्यातलं कार्ड त्यात घातलं आणि काळ्या पडद्यावर भराभर ओळी लिहायला लागली. थोरली शेजारी उभी. विचारावं की न विचारावं असं करत शेवटी विचारलंच, "हे काय करतेस?"

"स्क्रिप्ट लिहितेय, वहिनी. कॉम्प्युटरला कामाची यादी लिहून द्यायची, बस. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कधी काढला ते नोंदलेलं असतं. ही स्क्रिप्ट एकेक फोटो उघडणार, तारीख वाचणार, त्या तारखेचं फोल्डर नसेल तर बनवणार आणि फोटोची प्रत त्यात ठेवणार. मूळ फोटोंना हात लावणार नाही."

"आणि चुकलं तर?"

"म्हणून आधी नुसतं तोंडी करायला सांगते. काय कुठे ठेवशील ते फक्त बोलून दाखव म्हणते. पटलं तर खरं करायला लावायचं."

थोरलीला ही पद्धत आवडली. शिंपीसुद्धा कापड कापायच्या आधी खडूनं आखतोच की.

धाकटीनं बटण दाबलं आणि पडद्यावर फोल्डर उगवायला लागले. मे, जून, जुलै. वर्षानुवर्षं कपाट लावणाऱ्या थोरलीनं एवढ्या झटपट लावलेलं कपाट बघितलं नव्हतं. ती कौतुकानं काही बोलणार एवढ्यात धाकटीच्या कपाळाला आठी पडली.

"वहिनी, पाच ऑगस्टनंतर फोटोच नाहीत."

"असं कसं? परवाचा आहे, कालचा आहे! मी एक दिवस चुकवलेला नाही."

"आणि जूनच्या आठ तारखेपासून रोज अंगठ्याचे दोन-दोन आहेत." तिनं जूनअखेरचं एक फोल्डर उघडलं. एकाच तारखेचे दोन फोटो. एकात जखम लहान पण काळपट, सूज चढत चाललेली. दुसऱ्यात कडा गुलाबी, नवं कातडं आल्यासारखी. मग तिनं शेवटचं, पाच ऑगस्टचं फोल्डर उघडलं. त्यातली जखम सगळ्यात भयानक होती. हे असंच नेलं तर सर्जनबाई शेवटचा फोटो बघणार आणि सुरी मागवणार.

"कॅमेऱ्याची तारीख कधी बदलली होती का?" धाकटीनं विचारलं.

"बदलली नाही, भरली," शिंपी म्हणाला. "बॅटऱ्या संपल्या तेव्हा नव्या घातल्या. त्यानं तारीख विचारली, मी बरोब्बर भरली. आधी दिवस, मग महिना."

"सहा ऑगस्ट होता का हो, दादा?"

"असेल. मला काय आठवतंय?"

"या कॅमेऱ्यात आधी महिना भरायचा असतो." धाकटीनं डोक्याला हात लावला. "तुम्ही सहा आठ भरलंत, त्यानं आठ जून धरला. तिथून पुढचे सगळे फोटो त्यानं जून-जुलैमध्ये नेऊन ठेवले."

"मग कर की दुरुस्त!"

"करते. पण सर्जनबाई विचारतील, कशावरून? मी आकडे बदलून आणले नाहीत कशावरून? दादांना आठवत नाही, तुम्हाला आठवत नाही. फोटोतच काहीतरी दिसायला हवं."

तिघंही पडद्याकडे बघत बसले. त्याच जूनच्या फोल्डरमधले दोन फोटो शेजारी शेजारी. बघता बघता धाकटी एकदम पुढे वाकली.

"टेप बघा," ती हळूच म्हणाली. "एकात पिवळी आहे, एकात पांढरी."

"हो, ती पांढरी!" थोरली म्हणाली. "काय झकास टेप आहे गं. यांना हल्ली बारीक आकडे दिसत नाहीत, आणि हिचे आकडे केवढे ठसठशीत! दोरेवाल्यानं माल देताना खणात टाकून दिली असणार. परक्या माणसाला सुचतं बघ, आपल्या घरात कुणाला सुचलं नाही."

धाकटी लॅपटॉपवरचं एक बटण उगाच चोळत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "दोरेवाल्यानं नाही दिली, वहिनी. मी आणली होती. एक ऑगस्टला, दादांच्या वाढदिवसाला. आमच्या ह्यांना म्हटलं, गुपचूप खणात ठेवून या, माझं नाव घेऊ नका. नाव कळलं असतं तर तुम्ही ती वापरू दिली नसती."

वापरू दिली नसती, हे खरंच होतं. आणि हेच थोरलीला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या रागानं ती टेप परत गेली असती, तर आज या अंगठ्याची बाजू मांडायला काहीच उरलं नसतं.

"पावती असेल माझ्या फोनमध्ये," धाकटी घाईघाईनं बोलत होती. "एक ऑगस्टच्या आधी ही टेप या घरातच नव्हती. म्हणजे पांढऱ्या टेपचा एकही फोटो जून-जुलैमधला असू शकत नाही. शिवाय कॅमेरा प्रत्येक फोटोला नंबर देतो, तो बॅटरी बदलली तरी पुढेच जातो. पांढऱ्या टेपचे नंबर सगळे शेवटचे आहेत."

तिनं स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घातली. अमुक नंबरपासून पुढच्या फोटोंची तारीख एकोणसाठ दिवस पुढे ने. आधी तोंडी करून बघितलं, मग बटण दाबलं. ऑगस्ट भरला, सप्टेंबर उगवला, आणि सगळ्यात शेवटच्या फोल्डरमध्ये कालचा अंगठा निघाला, गुलाबी, कोरडा, पांढऱ्या टेपशेजारी.

सोमवारी सर्जनबाईंनी धाकटीनं दिलेल्या लॅपटॉपवर फोटो बघितले. पुढे गेल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. दोन्ही टेपांची हकिकत त्यांनी नीट ऐकून घेतली, लॅपटॉपवरच उतरवलेली पावती वाचली, नंबर ताडून बघितले. मग टेपवरचे आकडे वाचत वाचत ऑगस्टपासून खाली आल्या. जखम निम्म्याहून लहान झाली होती. त्यांनी पुन्हा एकदा अंगठा दाबून बघितला.

"राहू दे अंगठा," त्या म्हणाल्या. "पण मशीन महिनाभर बंद. आणि फोटो चालू ठेवा." मग शिंप्याकडे बघून, "ही टेप आणणारं माणूस जपून ठेवा बरं का."

शिंपी लहान मुलासारखा हसला. थोरली "पाणी पिऊन येते" म्हणून बाहेर आली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून धाकटीला फोन लावला. तिकडे धाकटीनं कामावर न जाता घरीच फोनपाशी ठाण मांडलं होतं. पहिल्या घंटीलाच तिनं उचलला.

"वहिनी? काय म्हणाल्या? बोला ना!"

थोरलीनं पदरानं डोळे पुसले. "राहिला," ती म्हणाली. "तुझ्यामुळे राहिला गं. देव तुझं भलं करो. मी तुझं नाव टाकलं होतं, आणि तू..."

तिकडे धाकटी रडत होती, इकडे ही. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

"ऐक," थोरली शेवटी म्हणाली. "यांना घरी सोडते आणि तशीच तुझ्याकडे येते. चहा टाक. आणि पातेलं तसंच ठेव. ते मी घासणार आहे."