कापलेले अकरा सेकंद

माझा दादा लिफ्टचा मेकॅनिक. त्याच्या फोनवर प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं, आणि त्यातल्या एका रेकॉर्डिंगवर त्याची नोकरी, लायसन्स आणि कदाचित तुरुंगही टांगून होता.

घडलं ते साधं होतं. दुपारी तपासणीत दोर झिजलेला दिसला. दादाने बिल्डिंगच्या सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, लिफ्ट बंद ठेवा. लिफ्ट चालूच राहिली. संध्याकाळी ती दोन मजले घसरली आणि आत असलेल्या आजोबांचा पाय मोडला. सेक्रेटरींनी कोर्टात शपथेवर सांगितलं, "आधी बंद ठेवा म्हणाला, पण शेवटी त्यानेच 'आजचा दिवस चालवा' म्हणून सांगितलं."

रेकॉर्डिंगमध्ये हे वाक्य नव्हतं. पण रेकॉर्डिंगमध्ये अकरा सेकंदही नव्हते, आणि ते मी कापले होते.

मी बावीस वर्षं वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. अशिलांची बोलणी नीट करून लिहायची हा माझा हातचा मळ. 'अं' काढायचं, 'म्हणजे कसं' काढायचं, रडणं काढायचं. त्यात माझा रोजचा नेम असा की सकाळच्या पठणानंतर तोंडात वाईट शब्द घ्यायचा नाही, कानांनाही शक्यतो वाचवायचं. दादाची केसही वकीलबाईंकडेच होती. त्याने फोन माझ्याकडे दिला तेव्हा मी ते बोलणं ऐकलं आणि कानशिलं तापली. हे भरल्या कोर्टात वाजणार? शिव्यांचा तेवढा तुकडा कापला. फोनने विचारलं, मूळ फाइलच्या जागी ठेवू का? मी 'हो' दाबलं. वकीलबाईंना सांगायचंही सुचलं नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: फाइल कापलेली आहे, मूळ परत आणता येत नाही.

वकीलबाई ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही पोळीची कड काढावी तसा पुरावा काढलात. आता पिंजऱ्यात तुम्हीच उभ्या राहा."

दादा म्हणाला, "देवबाई, अगं मी शिव्या देतो हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कोणापासून लपवत होतीस?"

कोर्टात आता बोललेलं आपोआप टाइप करणारं यंत्र आहे. साक्षीदारासमोर माइक, भिंतीवर पडदा. मी ईश्वराची शपथ घेतली, ती अक्षरं पडद्यावर उमटली.

सरकारी वकील उठले. "'आजचा दिवस चालवा' हे वाक्य होतं, म्हणून कापलंत. खरं ना?"

"नाही. शिव्या होत्या."

"कोणत्या?"

मी माइकपासून तोंड वळवलं. न्यायाधीश सौम्यपणे म्हणाले, "बाई, सांगावं लागेल. आणि जरा मोठ्याने."

मी डोळे मिटले. "हरामखोर. मग हलकट. मग बिनडोक रेडा. मध्ये सेक्रेटरी म्हणाले, 'घरी पाहुणे यायचेत, रात्रीपर्यंत चालू राहू दे.'"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. डोळे उघडले तर पडद्यावर तीन ठिकाणी नुसत्या चांदण्या. यंत्राला सभ्यपणा शिकवलेला होता.

न्यायाधीशांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे यंत्रही तुमच्याच ऑफिसातून आलंय का?" आणि शिरस्तेदारांना म्हणाले, "हाताने टाइप करा. जसंच्या तसं."

सरकारी वकील हसले नाहीत. "शिव्यांमध्ये पाहुण्यांचं वाक्य बरं सोयीचं आठवलं हो तुम्हाला! भावासाठी रचलंत, कबूल करा."

मूळ मीच पुसलेलं, उरला होता फक्त माझा शब्द. दादा खाली मान घालून बसला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सेक्रेटरी ताडकन उठले. तीन शिव्या सगळ्यांसमोर ऐकून त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आणि चौथी? चौथी गाळली बाईंनी! पाहुण्यांचं मी म्हटलं, तर थेट माझ्या आईवरून दिली यानं! ती लिहा ना!"

सरकारी वकिलांनी फाइल मिटली.

"पाहुण्यांचं तुम्ही म्हटलंत," न्यायाधीश सावकाश म्हणाले. "या, पुन्हा पिंजऱ्यात या. आणि बाई, चौथी होती?"

"होती," मी म्हणाले. "शपथ घेऊनही जीभ उचलली नाही. माझं चुकलं."

मग ती मी सांगितली. इथे लिहीत नाही. शिरस्तेदारांनी ती खाली मान घालून टाइप केली.

सेक्रेटरींची उलटतपासणी दहा मिनिटंही चालली नाही. तीन आठवड्यांनी दादा सुटला. निकालपत्रात माझ्यासाठीही एक परिच्छेद होता. हेतू वाईट नसला तरी पुराव्याला हात लावणं गंभीर आहे, पुन्हा घडल्यास कारवाई होईल. वकीलबाईंनी मला तो मोठ्याने वाचायला लावला.

पायऱ्या उतरताना दादा म्हणाला, "चौथी माझी सगळ्यात चांगली होती. नेमकी तीच गाळलीस."

"गप रे."

"आता नेमाचं काय?"

"उद्या पठण दोनदा करीन."

परवा ऑफिसात सासरच्या जाचाची तक्रार घेऊन एक सूनबाई आल्या. फोन पुढे करून म्हणाल्या, "ताई, मधे माझं रडणं आहे, तेवढं काढता येईल का? लोक ऐकतील."

त्यांचा संकोच मला कळला. मी त्यांना पाणी दिलं, फोन बंद करून पाकिटात घातला आणि पाकिटावर दोघींनी सह्या केल्या.

"रडणं राहू द्या," मी म्हटलं.