श्वासात गेलेला फवारा

मलमांच्या कारखान्यात तपासनीस असलेल्या ताईचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. आदल्या दिवशी धाकटा भाऊ फोनवर तीनदा खोकला होता आणि वर म्हणाला होता, "काही नाही गं, तुझा फवारा घशात गेला."

धाकटा इमारतींना बाहेरून रंग देई. त्याच्या अंगावर कोडाचे डाग होते. उन्हात ते लालबुंद होऊन सोलवटत. झिंक ऑक्साइडचं जुनं मलम लावलं की तोंडाला चुना फासल्यासारखा दिसे. "लोक आधीच वळून बघतात, त्यात हे सोंग कशाला?" म्हणून तो लावायचंच टाळी. मग झिंकचे कण इतके सूक्ष्म यायला लागले की मलम कातडीवर दिसेनासं होई आणि ऊन मात्र अडवी. त्या मलमावर धाकट्याचे दोन उन्हाळे सुखात गेले. हे कण धडधाकट कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच थांबतात, हे ठाऊक असल्यामुळं ताईही निर्धास्त होती.

महिन्यापूर्वी त्याच कणांचा फवारा चाचणीला आला. धाकट्यानं हट्ट धरला आणि ताईनं दोन डबे गुपचूप पिशवीत घातले. हे कण श्वासातून छातीत गेले तर, असा प्रश्न तेव्हाच तिच्या मनात आला होता. तिनंच तो मागं सारला होता.

दुपारी अर्धी रजा टाकून ती त्याच्या कामावर गेली. तो परांचीवरून खाली उतरला.

"मारतोस कुठं तो फवारा?"

"न्हाणीघरात. दार लावून. डोळे घट्ट मिटतो की!"

"आणि तोंड?"

"तोंडानं गाणं म्हणतो."

एरवी ती खो खो हसली असती. "डबे दे इकडं. आजपासून फक्त मलम."

"वा! दिलंस तूच आणि ओरडतेस मलाच?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. धाकट्यानं थट्टा सोडली आणि डबे आणायला घराची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याची छाती तपासली, छातीचा फोटो काढला. "आत्ता तरी छाती स्वच्छ आहे. खोकला फवाऱ्यानंच आला असं छातीठोक सांगता येणार नाही. नाही असंही मी म्हणणार नाही."

ताई दुसऱ्या दिवशी तडक कारखान्यातल्या साहेबांपुढं उभी राहिली.

"मलमाची आजवर एक तक्रार नाही," साहेब म्हणाले.

"मलम हवेत उडत नाही, साहेब. फवारा लोक कोंडलेल्या खोलीत मारतील."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

इथं थाप मारता आली असती. "माझ्या भावानं. डबे मीच नेले होते."

साहेबांनी आधी तिच्या हाती लेखी ताकीद ठेवली, तिला चाचणी विभागातून काढलं, आणि मग फवाऱ्याच्या कागदावर लिहिलं: श्वासाची तपासणी होईपर्यंत विक्री बंद.

त्या रविवारी ती मलमाची बरणी विकत घेऊन धाकट्याच्या कामावर गेली. तिनं त्याच्या कानामागं मलमाचं बोट नीट फिरवलं. तो खोकला.

"धूळ आहे गं," तो म्हणाला आणि परांचीवर चढू लागला.

"हो," ती म्हणाली. पण तो तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती खालीच कान देऊन उभी राहिली.